मायनस मायनस प्लस, पण कुठे आणि का?

काल कट्ट्यावर विषय निघाला तो मास्तरांमुळे. ते क्लास घेतात, आणि त्यांनी सांगितलं की −३ − ५ चं उत्तर बऱ्याच पोरांनी थेट ८ लिहिलं. का रे, विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "सर दोन मायनस आलेत ना, मायनस मायनस प्लस!"

इंजिनिअर म्हणाला मग नियम नीट घोटून घ्या की, दोन चिन्हं एकमेकांना चिकटून आली तरच प्लस, नाहीतर नाही, आपण तसंच शिकलो आणि पास झालो.

मला हे अजिबात पटत नाही आणि मी तिथेच बोललो. अरे ते वाक्य पोरं गुणाकारातून उचलतात आणि दिसेल तिथे चिकटवतात, कारण त्यांच्यापुढे संख्या नसतेच, नुसती चिन्हं असतात. −३ म्हणजे संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे तीन घरं, तिथून अजून पाच घरं डावीकडे सरकलास तर −८ वरच जाणार, ८ तर शून्याच्या पार पलीकडे आहे, तिथे कसा पोचशील? ज्या पोराला हे दिसतं ते नियम विसरलं तरी ८ लिहिणार नाही.

वहिनी शाळेत शिकवतात, त्या म्हणाल्या मी कर्जाचं उदाहरण देते, तीनचं कर्ज होतं, पाचचं अजून काढलं, झालं आठचं कर्ज, लगेच कळतं. मास्तर म्हणाले बेरजेपुरतं छान आहे हो वहिनी, पण ४ − (−२) आलं की काय सांगता? ज्याच्यावर कर्जच नाही त्याचं दोनचं कर्ज काढून कसं घ्यायचं?

मग वहिनींनी जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. दोन रंगांच्या सोंगट्या घ्यायच्या, निळी म्हणजे +१, लाल म्हणजे −१, एक निळी एक लाल मिळून शून्य. आता ४ − (−२) साठी चार निळ्या मांडल्या, त्यातून दोन लाल काढायच्यात पण लाल तर एकही नाही. मग निळ्या-लालच्या दोन जोड्या आणून ठेवायच्या, जोडी म्हणजे शून्यच, त्यामुळे एकूण किंमत चारच राहते. आता दोन्ही लाल उचला. उरल्या सहा निळ्या.

इंजिनिअर म्हणे ही पण ट्रिकच झाली. नाही रे बाबा, इथे कारण समोर दिसतंय, लाल गेल्या आणि त्यांच्या जोडीच्या निळ्या मागे राहिल्या, म्हणून ऋण दोन वजा करणं आणि दोन मिळवणं एकच. तो "प्लस" कुठून आला हे पोराला बोट ठेवून दाखवता येतं.

आणि ही कल्पना काही आजची नाही, चीनमध्ये तिसऱ्या शतकात लिऊ हुई नावाच्या गणितज्ञाने धन संख्यांसाठी लाल आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या वापरायचं लिहून ठेवलंय. मास्तरांनी आपला जुना गणितज्ञ ब्रह्मगुप्त काढला, त्याचा इ.स. ६२८ चा ग्रंथ ब्राह्मस्फुटसिद्धान्त, त्यात शून्यातून ऋण वजा केलं तर धन येतं हे नियम म्हणून दिलंय. हा एक नियमसुद्धा सोंगट्यांनी करून बघता येतो, शून्य म्हणजे नुसत्या जोड्या, त्यातल्या लाल उचला, निळ्या उरतात.

पण −४७ − (−१२०) ला सोंगट्या मांडत बसणार का? इथे मी म्हणतो की वजाबाकी म्हणजे फक्त "काढून घेणे" असं पोरांच्या डोक्यात राहिलं की घोळ होतो. वजाबाकी म्हणजे अंतर पण आहे, दुसऱ्या संख्येपासून पहिलीपर्यंत जायला किती चालायचं आणि कुठल्या बाजूला. −१२० वरून −४७ ला जायचं, ७३ घरं उजवीकडे, उत्तर +७३. उलटं, −४७ वरून −१२० ला, तेवढंच अंतर पण डावीकडे, −७३. यात चिन्हाचा वेगळा नियम कुठे लागला?

मास्तर म्हणाले मी ५ − २, ५ − १, ५ − ० अशी ओळ लिहून पुढे ५ − (−१) विचारतो, पोरं आपोआप ६ म्हणतात. चांगलं आहे, पण माझ्या मते त्याने उत्तर पटतं, कारण कळत नाही. वहिनींची अजून एक गोष्ट मात्र लगेच करण्यासारखी, "चार मायनस मायनस दोन" असं वाचूच द्यायचं नाही, "चार वजा ऋण दोन" असं वाचायला लावायचं, म्हणजे पहिली खूण क्रिया सांगते आणि दुसरी संख्येची बाजू हे कानाला पण कळतं.

इंजिनिअरचा शेवटचा मुद्दा वेळेचा, पोर्शन कधी संपवणार. खरंय, वेळ जातो. पण आत्ता वाचवलेला वेळ पुढे बीजगणितात दुपटीने जातो, प्रत्येक समीकरणात चिन्ह चुकतं आणि सगळे म्हणतात पोरगं निष्काळजी आहे, जे बिचारं नसतंच.

शेवटी ठरलं असं की नियम फळ्यावर यायचाच, पण पोरांकडून, आणि त्याआधी मास्तर वर्गाला विचारणार, अशा दोन संख्या शोधा की वजाबाकी केल्यावर उत्तर पहिल्या संख्येपेक्षा मोठं येईल, आणि ते मोठं का आलं ते रेषेवर दाखवा. इंजिनिअर म्हणाला पोरं काय लिहितात ते मला पण बघायचंय.