उतार ओळखताना डोळे खोटे आणि स्पर्श खरा, हे पटण्यासारखं नाही

चढ-उताराबद्दल एक समजूत मोठ्या विश्वासाने पुढे पाठवली जाते. थोडक्यात ती अशी: डोळे उतार कितीतरी पट वाढवून दाखवतात, स्पर्श मात्र कधी फसत नाही, पाठीवर ओझं घेतलं की टेकडी आणखी उभी दिसते, म्हणजे दिसणं हा मनाचा खेळ, तेव्हा उतारावर नजरेपेक्षा पायांवर भरवसा ठेवा. यातलं बरंचसं खऱ्या प्रयोगांमधून उचललेलं आहे, म्हणून ते पटतं. पण शेवटचा सल्ला एखाद्या वयस्कर किंवा तोल कच्चा असलेल्या माणसाने मनावर घेतला, तर तो पडेल. म्हणून हे खोडायला हवं.

“5 अंशांचा चढ 20 अंशांचा वाटतो, म्हणजे डोळे फसवतात.” निरीक्षण खरं आहे. मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये ते नोंदवलं. 10 अंशांचा चढ लोकांनी साधारण 30 अंशांचा सांगितला. पण तिथे विचारलं होतं ते अंशांमध्ये. चालताना असा आकडा कुणी मनात धरत नाही. चालणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: इथे मला उभं राहता येईल का? दृष्टीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी हाच मुद्दा मांडला होता. आपल्याला जमिनीची नुसती मापं कळत नाहीत. आपल्या शरीराला त्या जमिनीवर काय करता येईल, हे कळतं.

तो प्रश्न थेट विचारला की चित्र पालटतं. 1994मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कमी-जास्त झुकवता येणाऱ्या पृष्ठभागावर ताठ उभं राहता येईल का, एवढंच विचारलं. काहींनी तो नुसता पाहून उत्तर दिलं. काहींनी डोळे झाकून, हातातल्या काठीने चाचपून. ‘हो’चं ‘नाही’ झालं ते दोन्हीकडे 30 अंशांच्या आसपास, आणि ही सीमा प्रत्यक्ष उभं राहता येण्याच्या मर्यादेच्या जवळच होती. त्या सीमेपाशी उत्तराला वेळ जास्त लागत होता. खूप कमी किंवा खूप जास्त उतार असेल तर उत्तर चटकन येतं; जिथे पाय टिकेल की नाही याचीच शंका, तिथे माणूस रेंगाळतो. फसलेल्या इंद्रियाचं हे लक्षण नव्हे. शिवाय काठीच्या टोकातून आलेली माहिती आणि लांबून नजरेने टिपलेली माहिती एकाच निर्णयाला पोचतात, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

“हाताने दाखवायला सांगितलं तर उत्तर अचूक येतं, म्हणून स्पर्श खरा.” इथे तर गफलत उघड आहे. या प्रयोगांत लोक समोरची टेकडी *पाहत* होते आणि हाताखालची फळी, हाताकडे न बघता, तेवढी झुकवत होते. टेकडीला कुणाचा हात लागलाच नव्हता. उत्तर अचूक असेल तर त्याची माहिती आली कुठून? डोळ्यांतूनच. पुढे मानसशास्त्रज्ञ फ्रँक डर्जिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अगदी जवळच्या पृष्ठभागासाठी ही फळी वापरली, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. मोकळ्या हाताने कोन दाखवला तर ते बरंच बरोबर येतं. म्हणजे फळीची ती अचूकता बरीचशी योगायोगाची होती.

आणि पाय? 2011मधल्या एका अभ्यासात लोक प्रत्यक्ष उतारावर उभे होते. त्यांच्या पायांना तो खऱ्यापेक्षा खूपच जास्त वाटला. डोळ्यांची चूक पायांनी उचलली असेल म्हणावं, तर जन्मांध व्यक्तींच्या बाबतीतही तेच आढळलं. बोटाने चाचपल्यावर चूक बरीच कमी होती. स्पर्श हाच दृष्टीचा गुरू, हा विचार तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांच्यापासून, म्हणजे 1709पासून चालत आलेला आहे. या निष्कर्षांपुढे तो तसाच्या तसा टिकत नाही.

“ओझं घेतलं की टेकडी उभी दिसते.” 1999च्या अभ्यासात तसं आढळलं खरं. पण 2009मध्ये डर्जिन यांच्या गटाने काही जणांना सांगितलं की पाठपिशवीत स्नायूंची हालचाल नोंदवणारं उपकरण आहे. पिशवीचं असं दुसरं कारण मिळाल्यावर परिणाम नाहीसा झाला. आधीच्या लोकांनी प्रयोगकर्त्याच्या मनातलं ओळखून उत्तरं वाढवली असावीत, असा त्याचा अर्थ निघतो. ओझ्याचा खरा परिणाम दुसरीकडे आहे. चढाकडे तोंड करून उभं राहायचं असेल, तर पाठीवरचं वजन तोल मागे ओढतं, छातीवरचं पुढे आणतं. म्हणून ओझं पुढे असताना लोक जास्त उतारही उभं राहण्याजोगा मानतात, आणि हा फरक नजर आणि काठी दोन्हींच्या उत्तरांत दिसतो. याला मनाचा खेळ म्हणता येणार नाही. शरीर बदललं की शक्यताही बदलते. बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांच्या प्रयोगांत खांद्यावर वजन बांधलेली 14 महिन्यांची बाळंसुद्धा उतार निवडताना जास्त सावध झाली.

राहिला “पायांवर भरवसा ठेवा” हा सल्ला. पायाची माहिती मिळते ती पाय टेकल्यावर. तोवर वजन पुढे गेलं असेल तर उशीर झालेला असतो. मार्ग बदलायला, वेग कमी करायला लागणारा वेळ नजरच देते.

एका ठिकाणी मात्र स्पर्शाचं पारडं नक्की जड आहे: घर्षण. घर्षणांक (तळवा आणि जमीन यांच्यातल्या पकडीचं माप) 0.58 असेल तर साधारण 30 अंशांपर्यंत तळवा सरकत नाही, तोच 0.3 असेल तर 17 अंशांच्या आतच सरकतो. दिसायला कोन तोच, निकाल वेगळा. चकाकीवरून निसरडेपणा ओळखावा म्हटलं, तर चकाकी प्रकाश, रंग आणि अंतर यांनुसार बदलते. म्हणून शंकास्पद उतारावर मागच्या पायावर वजन ठेवून पुढचा तळवा हलकेच घासून पाहावा, आधाराला काठी असेल तर तिचं टोक दाबून पाहावं. आणि ही चाचणी कुठे घ्यायची, ती जागा डोळे उघडे ठेवून चार पावलं आधीच हेरावी.