परदेशातून: देवाचं प्रतिरूप नक्की कोणात उरलंय?

आमच्या मायदेशातल्या मंडळीचा बायबल अभ्यास आता फोनवर ऐकता येतो, त्यामुळे इतक्या लांब राहूनही तिकडचे वाद माझ्यापर्यंत ताजेताजे पोचतात. सध्या बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय चालू आहे, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केलं म्हणजे काय केलं. त्यात एका वडीलधाऱ्या बंधूंनी अगदी ठासून मांडलं की आदामाच्या पापात ते प्रतिरूप नष्ट झालं, आता ते फक्त तारण झालेल्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांमध्ये आहे, बाकीचे लोक देवाची निर्मिती आहेत पण देवाचं प्रतिरूप नाहीत. बऱ्याच जणांनी आमेन म्हटलं आणि अभ्यास पुढे सरकला. मला मात्र ते काही पुढे सरकू देईना, कारण मी इथे जे काम करते त्यात हा प्रश्न रोज समोर येतो आणि तो चुकीचा सुटला तर माणसांचे हाल होतात.

पहिलं म्हणजे हे शास्त्रातच बसत नाही. पतन, म्हणजे आदामाचं ते पाप, तिसऱ्या अध्यायात होतं. पाचव्या अध्यायात वंशावळ सुरू होते ती पुन्हा हेच सांगून, की देवाने माणूस आपल्यासारखा केला, आणि मग आदामाला त्याच्याच प्रतिरूपाचा मुलगा झाला, शेथ. पुढे जलप्रलय होतो, माणसाच्या मनातल्या कल्पना लहानपणापासूनच वाईट असतात हे देव स्वतः आठव्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो, आणि हे म्हणून झाल्यावर लगेच नवव्या अध्यायात नोहाला बजावतो की माणसाचं रक्त सांडाल तर त्याचा जाब द्यावा लागेल, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणजे माणूस किती बिघडलाय हे पूर्ण माहीत असताना दिलेली ही आज्ञा आहे. नव्या करारात याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेबद्दल बोलताना तेच म्हणतो, ज्या तोंडाने आपण प्रभूची स्तुती करतो त्याच तोंडाने देवासारख्या घडवलेल्या माणसांना शाप देतो, हे बरोबर नाही. तिथे विश्वासी माणसं आणि इतर माणसं अशी चाळणी त्याने लावलेली नाही.

आता त्या बंधूंचं म्हणणं अगदीच हवेतून आलेलं नाही, हेही सांगायला पाहिजे. प्रेषित पौल कलस्सैकरांच्या पत्रात लिहितो की नवा मनुष्य निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे नवा होत जातो, इफिसकरांच्या पत्रातही जवळपास तेच आहे, आणि नवं करायला लागतं याचा अर्थ काहीतरी मोडलंय, खराब झालंय. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक ल्यूथरने तर प्रतिरूप म्हणजे मुळातली नीतिमत्ता असं धरलं आणि ती पापात गेली असं शिकवलं. पण त्याच शतकातला दुसरा धर्मसुधारक कॅल्विन बघा, माणूस किती भ्रष्ट झालाय हे त्याच्याइतकं कडकपणे फार थोड्यांनी लिहिलं असेल, त्याच्या मोठ्या ग्रंथाची शेवटची आवृत्ती १५५९ ची, आणि त्यातच ख्रिस्ती जीवनाच्या भागात तो सांगतो की समोरचा माणूस कशाच्या लायकीचा आहे ते बघत बसू नका, त्याच्यातलं देवाचं प्रतिरूप बघा, मग तो परका असो, तुम्हाला छळणारा असो. म्हणजे पापाचं ज्याने सगळ्यात काळं चित्र काढलं तोच म्हणतोय की प्रत्येकात ते आहे आणि त्यासाठी तुम्ही त्याचं देणं लागता. माझं मत त्याच बाजूचं आहे. प्रतिरूप डागाळलंय, वाकडं झालंय, ख्रिस्तात ते सरळ होतं कारण अदृश्य देवाचं खरं प्रतिरूप तोच आहे, पण ते कोणाचंही निघून गेलेलं नाही.

आणि एक गोष्ट आपल्या चर्चांमध्ये नेहमी निसटते. प्रतिरूप म्हणजे नक्की काय याची व्याख्या बायबल कुठेच देत नाही. बुद्धी म्हणा, आत्मा म्हणा, सृष्टीवर अधिकार म्हणा, नातं जोडायची क्षमता म्हणा, हे सगळे नंतरच्या लोकांचे अंदाज आहेत, चांगले आहेत, पण अंदाज. उलट पतनानंतर माणसाशी कसं वागायचं हे सांगताना शास्त्रात हा विषय कुठे निघतो? एकदा खुनाच्या बाबतीत आणि एकदा शिवीशापाच्या बाबतीत. हात आणि जीभ. कलस्सैमध्येसुद्धा नव्या मनुष्याची गोष्ट येते ती राग, निंदा, घाणेरडं बोलणं आणि एकमेकांशी खोटं बोलणं सोडा हे सांगताना.

इथे मी केअर होममध्ये काम करते, बहुतेक रहिवासी डिमेन्शियाचे. जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन, त्याने प्रतिरूप शोधलं ते माणसाच्या मनात, स्मरण, समज आणि इच्छा या तिघांत, आणि ते शतकानुशतकं शिकवलं गेलं. पण मग स्मरण गेलं, समज गेली, त्याचं काय? ऑगस्टीन स्वतः म्हणतो की प्रतिरूप कितीही झिजलं तरी ते राहतंच, पण ऐकणारे तेवढंच विसरतात आणि बुद्धी हेच प्रतिरूप असं धरून बसतात. आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांना शब्द आता जवळजवळ येत नाहीत, गिळायला त्रास होतो म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून चमच्याने द्यावं लागतं, आणि थोड्या थोड्या वेळाने कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात. कूस बदलायला दोघीजणी लागतात, आणि दोघीजणी आल्या की बहुतेक वेळा पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींशीच बोलतात, सुट्टीचं, ड्युटीचं, आणि आजी मधे, एखादं सामान हलवावं तशा हलवल्या जातात. कोणी मारत नाही, शिवी देत नाही, काम नियमाप्रमाणे होतं.

माझी एक सहकारी मात्र तसं करत नाही. देवाधर्माशी तिचा काही संबंध नाही, ती स्वतःच सांगते. ती आधी वाकून आजींच्या नजरेसमोर येते, नाव घेते, सांगते की आता तुम्हाला डावीकडे वळवतोय, माझे हात गार आहेत हं, आणि मग थांबते. उत्तर येणार नाही हे माहीत असून थांबते. कधीकधी आजी डोळे मिटतात, कधी काहीच होत नाही, मग ती हळूच हात लावते. त्या बंधूंचा हिशेब खरा मानला तर त्या खोलीत प्रतिरूप ना आजींमध्ये, त्या कधी चर्चला गेल्या नाहीत, ना त्या सहकारीमध्ये. हे मला मान्य करता येत नाही. मला तर वाटतं याकोबाने जे लिहिलं ते त्या खोलीत ती पाळते, तिला ते वचन माहीत नसतानाही.

पण म्हणून इथलं सगळं छान आणि आपल्याकडचं सगळं मागासलेलं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. इथे माणसाची प्रतिष्ठा हा शब्द ट्रेनिंगमध्ये येतो, भिंतीवर लिहिलेला असतो, दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, अंघोळ घालताना अंगावर टॉवेल ठेवायचा, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हे मला मनापासून आवडतं. आपल्या घरांमध्ये आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्याचबद्दल जणू तो नाहीच असं बोलणारे विश्वासी मी पुष्कळ बघितलेत. पण ही प्रतिष्ठा कशावर उभी आहे असं विचारलं की इथे लोक अडखळतात. बहुतेकांच्या मनात ती स्वतःचं स्वतः करता येण्यावर उभी आहे. त्यामुळे ज्याला करता येत नाही तो स्वतःच म्हणायला लागतो की मी ओझं झालोय, माझा काय उपयोग, आणि घरचे प्रेमाने, रडत रडत म्हणतात, आई तर केव्हाच गेली, हे फक्त शरीर आहे. त्यांचं दुःख मला कळतं. तरी वाक्य धोक्याचं आहे, कारण शरीर फक्त शरीर आहे असं एकदा ठरलं की नंतर त्याला कसं वागवायचं हे कोणीही ठरवू शकतं.

हे नुसतं घाबरवायला म्हणत नाहीये, असं झालेलं आहे. नाझी जर्मनीत १९४० च्या जानेवारीपासून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत अपंग आणि मनोरुग्ण अशा ७० हजारांहून जास्त लोकांना सरकारी योजनेत मारलं, ते समाजाच्या उपयोगाचे नाहीत म्हणून. मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ च्या उपदेशात उघडपणे विचारलं की जे काही उत्पादन करत नाहीत त्यांना मारायचा हक्क मान्य केला तर आपण सगळे म्हातारे होऊ तेव्हा आपलं काय. त्याच महिन्यात योजना अधिकृतपणे थांबवली गेली, पण हत्या लपूनछपून चालूच राहिल्या. म्हणजे ज्या प्रतिष्ठेला पाया नाही ती अडचणीच्या वेळी किती टिकते हे युरोपने बघितलंय. इथे मला आपल्या मायदेशातल्या चर्चेची किंमत कळते. आपल्याकडे निदान पाया काय आहे यावर भांडतात, आणि पाया हा की माणसाची किंमत त्याच्या हातात नाही, त्याच्या डोक्यात नाही, देवाने त्याला जे म्हटलं त्यात आहे.

जुन्या काळी आजूबाजूच्या राज्यांत देवाचं प्रतिरूप म्हणून गौरवला जायचा तो राजा. उत्पत्तीने तो मान उचलून सगळ्या माणसांना दिला, पुरुषाला आणि स्त्रीला, एकाच वाक्यात. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकावर बोलताना गुलाम विकत घेणाऱ्यांना सरळ विचारलं, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती लावलीत, कोणत्या भावाने घेतलंत. इतक्या आधी हे बोललं गेलं आणि तरी त्यानंतर हजारबाराशे वर्षांनीही ख्रिस्ती म्हणवणारे लोक माणसं जहाजात भरून विकत होते, तोंडात तीच वचनं. म्हणून सिद्धांत बरोबर असणं पुरत नाही असं मला वाटतं, आणि इथे मी आम्हा परदेशी राहणाऱ्यांनाही सोडणार नाही. आमच्या फेलोशिपमध्ये गाणी होतात, प्रार्थना होते, डोळे भरून येतात, आणि मग दाराशी कोट घालता घालता बोलणं सुरू होतं, हे इथले लोक देवाला विसरलेत, यांना कुटुंब नाही काही नाही, आणि त्या नवीन आलेल्या निर्वासितांनी तर सगळी वाट लावलीय. आम्ही स्वतः परक्या देशात आलेले, कोणी आमच्या रंगावरून बोललं की आमच्या डोळ्यात पाणी येतं, आणि दुसऱ्या परक्याला मात्र आम्ही एका वाक्यात गुंडाळून टाकतो. याकोब तिसरा अध्याय नववं वचन तिथे दारातच मोडतं, प्रार्थना संपून पाच मिनिटंही झालेली नसतात.

मायदेशातल्या अभ्यासात बहिणींनी उपदेश करावा की नाही हेही याच विषयात निघालं, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय काढून, की पुरुष देवाचं प्रतिरूप आणि वैभव आहे आणि स्त्री पुरुषाचं वैभव आहे. यावर मी थोडक्यातच लिहिते. पौलाने तिथे स्त्री प्रतिरूप नाही असं कुठेही लिहिलेलं नाही, तो पुढच्याच वचनांमध्ये म्हणतो की प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही, आणि त्याच अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात हे धरूनच तो चालतो. उपदेशाबद्दल तुमचं मत काही असो, पण त्यासाठी बहिणींचं प्रतिरूप अर्धं करू नका.

शेवटी एक गोष्ट, पाळकसाहेबांना मी वेगळी लिहिणारच आहे. मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना आता काही आठवत नाही, प्रभूची प्रार्थनासुद्धा पूर्ण होत नाही, त्यांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, द्यावं की नाही असा प्रश्न तिकडे आलाय, कारण त्याच अकराव्या अध्यायात म्हटलंय की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, आणि यांना परीक्षा करता येत नाही. पण तो इशारा कोणाला दिलाय ते वर बघा, एकविसाव्या आणि बाविसाव्या वचनात, जे आपापलं आधी खाऊन घेत होते आणि गरिबांना उपाशी ठेवून लाजवत होते त्यांना. मंडळीतल्या ज्या आजी घास गिळण्यासाठीसुद्धा दुसऱ्याच्या हातावर अवलंबून आहेत त्या तो गुन्हा करूच शकत नाहीत. आयुष्यभर त्या प्रभूच्या मेजाशी येत राहिल्या, आता त्यांना येता येत नाही तर मेजाने त्यांच्याकडे जावं. भाकरीचा तुकडा अगदी लहान करा, गिळता येत नसेल तर द्राक्षरसात भिजवून मऊ करा, घशाचा त्रास असेल तर आधी नर्सला विचारा, त्यांच्या नजरेसमोर वाका, नाव घेऊन सांगा काय देताय, आणि उत्तराची वाट बघा.