‘वाचन वाढवा’ म्हणणाऱ्यांस

गेल्या आठवड्यात मी ‘सामी ब्लड’ या स्वीडिश सिनेमावर लिहिलं. अमांडा केर्नेलचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा, २०१६ चा. काळ १९३० चं दशक. सामी म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी; तसल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी घरातली चौदा वर्षांची एल्ले-मार्या निवासी शाळेतून पळते, नाव बदलते, भाषा टाकते आणि पुढचं सगळं आयुष्य स्वीडिश बाई म्हणून काढते. लेखात मी एल्ले-मार्याला ‘धाडसी’ म्हटलं होतं, आणि वसतिगृहात माझ्या अहिराणीला मुली हसायच्या, तेही त्यात आलं होतं. त्यावर एका वाचकांची ही प्रतिक्रिया आली:

“ताई, परीक्षण सिनेमाचं आहे की तुमच्या वसतिगृहाचं? दक्षिण सामी ही बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे. कवट्या मोजणारं सरकार कुठे आणि अहिराणी बोलीला हसणाऱ्या चार मुली कुठे! असली तुलना म्हणजे सामी लोकांचा अपमान आहे. धाकट्या बहिणीला वाऱ्यावर सोडणारी मुलगी तुम्हाला ‘धाडसी’ वाटते, हे तर कमालच. आधी थोडं वाचन वाढवा, मग लिहा.”

आधी ‘ताई’चं बघू. आपली ओळख नाही, माझं वयही तुम्हाला माहीत नसावं. पुरुषाचं लिखाण पटलं नाही की लोक त्याला ‘महोदय’ म्हणतात आणि बाईचं पटलं नाही की ‘ताई’. त्या ताईत आदर किती आणि ‘गप बसा’ किती, हे इतक्या वर्षांत न चुकता ओळखता येतं. तुमच्या ताईत आदर औषधालाही नाही.

आता वाचन. लेखाआधी मी सिनेमा तीन वेळा पाहिला. स्वीडनच्या सरकारनं १९२२ साली उप्सालात वंशजीवशास्त्राची संस्था काढली, हर्मान लुंडबोर्ग तिचा पहिला प्रमुख, आणि सामी माणसांची मापं घेणं, त्यांचे उघडे फोटो काढणं हे संस्थेचं रीतसर काम होतं, एवढं मलाही ठाऊक होतं. लेखात घातलं नाही, कारण मी लेख लिहीत होते, प्रबंध नाही. वाचलेलं सगळं ओकलं नाही म्हणजे वाचलंच नाही, असा हिशेब तुम्ही कसा लावलात?

दक्षिण सामीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ती भाषाच आहे. उत्तर सामी बोलणाऱ्यालाही ती सहज कळत नाही, आणि बोलणारे आता काही शेच उरलेत. ‘बोली’ हा शब्द माझ्या हातून गेला, लेखात दुरुस्त केलाय, आभार. फक्त एक गंमत नोंदवते: सामीला भाषेचा मान द्या म्हणून मला दटावणाऱ्या तुम्ही पुढच्याच वाक्यात अहिराणीला ‘बोली’ म्हटलंय. असो.

राहिल्या ‘हसणाऱ्या चार मुली’.

त्या चार नव्हत्या, पण ते जाऊ द्या. १९९६ साली मी धुळे जिल्ह्यातल्या एका गावातून अकरावीला पुण्यात आले. कॉलेजचं नाव सांगणार नाही, गरज नाही. दुसऱ्या आठवड्यात वर्गात ‘मला’च्या ऐवजी ‘माले’ निघून गेलं. शिकवणारे थांबले, हसले आणि म्हणाले, “पुन्हा म्हण बघू, गोड वाटतं.” मी पुन्हा म्हटलं. अख्खा वर्ग हसला आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. त्यात माझं हसणं तुम्ही धरलेलं नाही.

वसतिगृहाचा फोन जिन्याखाली होता. रविवारी संध्याकाळी आई शेजारच्यांकडून फोन करायची आणि माझ्यामागे आपापल्या फोनची वाट बघत मुली उभ्या असायच्या. मी आईशी पुस्तकी मराठीत बोलायला लागले. “हो, जेवले मी. अभ्यास व्यवस्थित चालू आहे.” आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “अशी कसाले बोलस वं?” मी उत्तर दिलं नाही. मागे कुणीतरी ऐकतंय का, ते बघितलं. त्यानंतर आईचे फोन छोटे होत गेले.

यात सरकार नाही, कवटी मोजायची पट्टी नाही, कॅमेरा नाही. मान्य. पण सिनेमा नीट बघितलात तर दिसेल की केर्नेलनं तरी सगळी गोष्ट मोजमापावर कुठे उभी केलीय? तो प्रसंग भयंकरच आहे. पाहुणे येणार म्हणून मुलं नटून उभी, एल्ले-मार्याचं स्वीडिश चांगलं म्हणून ती पुढे. डोकं मोजतात, कपडे काढायला लावतात, फ्लॅश उडतो आणि खिडकीबाहेरून पोरं बघत असतात. मला मात्र जास्त वेळ छळतं ते त्यानंतरचं. अंगाचा वास जावा म्हणून ती तळ्यात अंग घासते. दुसरीचा फ्रॉक घालून नाचाला जाते. नाव विचारलं की शाळेतल्या बाईंचं नाव सांगते, क्रिस्टिना. आणि पळून जाते कुठे, तर उप्सालाला! जिथून मोजणारे आले, त्याच गावात. हे तिला कुणी करायला लावलेलं नाही, निदान त्या क्षणी तरी. मोजणारा निघून गेल्यावर त्याची पट्टी आपणच हातात घेतो, असं मी लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलंत की ‘वसतिगृह’ शब्द दिसल्यावर पुढचं सोडलंत?

आणि नाचात भेटलेल्या उप्सालातल्या त्या मुलाच्या वाढदिवसाला शिकलेसवरलेले, सभ्य पाहुणे तिला योइक, म्हणजे सामींचं पारंपरिक गाणं, गायला सांगतात, तो प्रसंग? कुणी शिवी देत नाही. कौतुकानंच म्हणतात, गा ना. ती अडखळत गाते. ‘पुन्हा म्हण बघू, गोड वाटतं’ हे ज्याला कधी ऐकावं लागलं नाही, त्याला तो प्रसंग साधा वाटत असेल. मला तिथे सिनेमा थांबवून उठावं लागलं होतं. हे परीक्षणात लिहायचं नाही, तर कुठे लिहायचं?

अपमानाचं म्हणाल, तर सामी लोकांच्या वतीनं रागवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हे मला कळलेलं नाही. एल्ले-मार्या झालेली लेने सेसिलिया स्पारोक स्वतः रेनडिअर पाळणाऱ्या घरातली आहे, बहिणीच्या कामाला तिची सख्खी बहीण आहे, दिग्दर्शिकेचे वडील सामी आहेत. त्यांनी आपल्या घरची गोष्ट जगापुढे ठेवली. २०१७ मध्ये युरोपीय संसदेचा लुक्स पुरस्कारही तिला मिळाला. खानदेशातल्या एका बाईला त्यात आपलं काही दिसलं म्हणून त्यांचं काही बिघडेल असं मला वाटत नाही. बिघडलंय ते तुमचंच, असं दिसतं.

हे वाक्य जरा कडू झालं. ठेवते तसंच.

सिनेमा संथ आहे, युरोपातले लोक असले सिनेमे काढून आपलं पाप धुतात, वगैरे तुम्ही दुसऱ्या प्रतिक्रियेत लिहिलंय, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. संथ वाटला तर वाटला.

बहिणीचं राहिलं. न्येन्ना. म्हातारी क्रिस्टिना तिच्या अंत्यविधीला येते, तिथूनच सिनेमा सुरू होतो, आणि शेवटी ती शवपेटीशी एकटी जाते, हे मलाही दिसलंय. ‘धाडसी’ हा शब्द मी का वापरला, हे तुम्हाला हवं असेल तर सांगेनही, पण इथे, तुमच्या ‘कमालच’ला उत्तर म्हणून नाही. माझी धाकटी बहीण हा ब्लॉग वाचते.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ताई नको. नुसतं नाव चालेल.