धामापूरचं तळं ड्युटीवर आहे

परवाच्या रविवारी आम्ही चौघे मित्र देवगडहून धामापूरला जाऊन आलो. एक बुलेट, एक पल्सर आणि माझी म्हातारी स्प्लेंडर. (घाटीत बुलेट पुढे गेली की ती वर पोचून फोटो काढत बसते आणि आपण धापा टाकत फोटोत येतो. असो.)

तारामुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, पुढे मिठबाव, आचरा. फेब्रुवारी, त्यामुळे कलमं मोहोरानं भरलेली आणि हवेत खाऱ्या वाऱ्यापेक्षा फवारणीचाच वास जास्त. आचऱ्याच्या तिठ्यावर उसळपाव खाताना गावपळणीचा विषय निघाला. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. आमच्यातला एक मुंबईकर म्हणाला, "तेवढे दिवस गावात बघायला काय असेल रे?" काही नसतं, म्हणून तर जातात बाबा.

मालवणात थांबलोच नाही. रविवारी तिथे गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा पुढे गेलेलं बरं. चौके मागे पडलं, सड्यावरचं रणरणतं कातळ संपलं, रस्ता झाडीत उतरला आणि हेल्मेटच्या आतसुद्धा गारवा कळला.

तळं एकदम समोर येतं. दोन डोंगर आणि त्यांच्यामधली खिंड अडवणारा बांध, काठावर भगवती देवीचं देऊळ. इ. स. 1530 मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून हे बांधलं. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी. आणि ते आजही चालू आहे! खालची शेती, माडा-पोफळीच्या बागा यावर भिजतात, मालवण शहराच्या नळालाही इथलं पाणी जातं. दिवसभर मालवणात फिरून रात्री लॉजवर आंघोळ करणाऱ्या पर्यटकाला याचा पत्ताही नसतो.

2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला वारसा सिंचन वास्तू म्हणून मान दिला. आपण सगळ्यांनी तेव्हा अभिमानाने स्टेटस ठेवले. पण मान कशासाठी मिळाला ते परत वाचा: सिंचन. देखणेपणाचं बक्षीस नाही ते. आणि आपल्याकडे मात्र 'विकास' म्हटलं की पहिली आठवण पेव्हर ब्लॉकची, मग रंगीत दिवे, मग सेल्फी पॉइंट.

मला याचा राग का येतो ते सांगतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरींचे तळ दिसतात. नद्या आखूड, उतार तीव्र, जांभा चाळणीसारखा. आलेलं पाणी दिवाळीनंतर समुद्राच्या वाटेलाच लागलेलं असतं. म्हणून तर दरवर्षी गोणींत माती भरून वहाळांवर बंधारे घालायचे. धामापूरला हे जमलंय ते एकट्या बांधामुळे नाही, वरच्या रानामुळेही. झाडं पावसाचा मारा झेलतात, पाणी जमिनीत मुरतं, हळूहळू तळ्यात येतं. तो उतार उघडा केलात की पहिल्याच पावसात तांबडी माती थेट तळ्यात. गाळ साचला की तळं उथळ होणार, आणि मग कितीही दिवे लावा.

आमच्या शेजारीच एक टोळकं स्पीकर लावून कपडे काढत होतं. एक आजोबा आले, आवाज न चढवता म्हणाले, "बाबानू, ह्यां पिऊचां पाणी आसा, न्हाऊचां नाय. आणि ता गाणा बंद करा." दोन्ही गोष्टी लगेच झाल्या. मला नाही वाटत एखाद्या पाटीने झाल्या असत्या.

इथली दंतकथा बहुतेकांना ठाऊक असेल. लग्नघरात दागिने नसले की परडीत फुलं ठेवून तळ्याकडे मागणं करायचं, दुसऱ्या दिवशी फुलांच्या जागी सोनं मिळायचं. कार्य उरकलं की परत आणून ठेवायचं. कोणीतरी परत केलं नाही आणि देणं कायमचं थांबलं. लोक ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात. मला त्यातली अटच जास्त आवडते.

आमच्यातल्या बुलेटवाल्याचं म्हणणं वेगळं. "तुझं ठीक आहे, तुला नोकरी आहे. इथल्या पोरांनी काय रान बघून पोट भरायचं?" प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. परतताना ओझरपर्यंत आम्ही यावरच भांडत होतो. पण पोरांना पैसा घरगुती खानावळीतून, राहायच्या खोल्यांतून, पक्षी दाखवण्यातून मिळतो. काँक्रीटमधून मिळतो तो ठेकेदाराला, आणि तो बहुतेक वेळा गावचा नसतो.

खर्च करायचाच असेल तर यादी माझ्याकडे आहे आणि ती फार कंटाळवाणी आहे. गाड्या बांधापासून लांब उभ्या राहतील अशी जागा, तिथेच स्वच्छ संडास, प्लास्टिक अडवायला गावातलेच दोन माणूस पगारावर, बांधाची वेळच्या वेळी डागडुजी. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत छान दिसणार नाही, हे मलाही माहीत आहे.