गच्चीवरची काडी आणि भिंतीवरचा काटा

घड्याळाचे काटे असेच का फिरतात, हे घरातल्या शेंडेफळाने विचारलं तर मी उत्तर एका दमात देतो. यांत्रिक घड्याळं युरोपात घडली. त्याआधी तिथे सूर्यघड्याळं होती, आणि त्यांवरची सावली पश्चिमेकडून उत्तरेला, तिथून पूर्वेला सरकते. कारागिरांनी तीच चाल काट्यांना दिली. संपलं! खरा छळ सुरू होतो तो पुढच्या दोन शब्दांनी: "दाखव की."

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्याने आधी ऊन शोधावं. शेजारचा टॉवर सकाळचं खातो, समोरचा संध्याकाळचं. राहिली गच्ची. तिची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी ऑफिसात. मिळालीच, तर टाकी, सोलरचे पाइप आणि कुणाचे तरी पापड चुकवून मीटरभर मोकळी जागा गाठायची. जाड पुठ्ठा पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, कारण तो बोटभर सरकला तरी सकाळपासूनचे ठिपके वाया. मधोमध १५ सेंमी उंच काडी, अगदी ओळंब्यात. उदबत्ती वाऱ्याने डोलते. स्वेटरची सुई उत्तम. मग ९ ते ४, दर अर्ध्या तासाने, सावलीच्या टोकाला ठिपका आणि शेजारी वेळ.

डिसेंबरात सगळं शहाण्यासारखं होतं. सर्वांत आखूड सावली साधारण १४ सेंमी, नेमकी उत्तरेला. फक्त १२ वाजता नाही, २१ डिसेंबरच्या आसपास १२:३६ला. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि ठाणं ७३च्या आसपास. साडेनऊ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं धरली की सरासरी ३८ मिनिटांचा उशीर. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून हा उशीर वर्षभर कमीजास्त होतो: हीच मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ला, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५२ला. आमच्याकडे सूर्यसुद्धा स्लो लोकलने येतो.

पण पोरांना सुट्टी असते मे महिन्यात, आणि तिथेच पालक तोंडघशी पडतो. ठाणं १९.२ अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यावर सूर्य भर माथ्यावर येतो, सावली काडीच्या पायाशी गडप. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला. २१ जूनला दुपारची सावली पडते दक्षिणेकडे, जेमतेम १ सेंमी, आणि पश्चिमेकडून पूर्वेला जाते ती दक्षिणेच्या बाजूने. म्हणजे चक्क अपसव्य, घड्याळाच्या उलट! जून निम्मा होईतो पाऊस येऊन आपली अब्रू राखतो, हे नशीब.

यावर उपाय आहे. काडी उभी रोवायचीच नाही. टोक उत्तरेकडे करून जमिनीपासून १९ अंशच उचलायची, जेवून कलंडल्यासारखी. ती पृथ्वीच्या आसाला समांतर झाली की सावली बारा महिने सव्यच फिरते. मात्र हे शेंडेफळाला समजावताना आस, अक्षांश आणि ध्रुवतारा असे तीन नवे प्रश्न पदरात पडतात. मी तरी डिसेंबरपर्यंत थांबा म्हणेन.

एवढं करून खाली यावं, तर हॉलमधलं घड्याळ बंद. सेकंदकाटा ९वर नुसता थरथरत असतो. ६ ते १२ त्याला चढ, आणि ९ला तो आडवा असल्याने उचलायला सर्वांत जड; १.५ व्होल्टचा सेल उतरला की बहुधा तिथेच दम तोडतो. काटे उलटे फिरत असते तर ३वर अडला असता. सेल आणायला मलाच पाठवलं असतं.