आधी समोरून, मग बाजूनं, मग मागून

माणसाला साडू एकच असावा आणि त्याचा पगार आपल्यापेक्षा कमी असावा. माझ्या बाबतीत पहिली अट पाळली गेली, दुसरी नाही. साडूभाऊ पुण्याला असतात आणि वर्षातनं एकदा परदेशी जाऊन येतात. यंदा ते पोर्तुगालला गेले. जाईनात का. पण परत आल्यावर ते कोल्हापूरला येतात, सासूबाईंच्या घरी, शिवाजी पेठेत, आणि तेव्हा मला हजर राहावं लागतं.

शनिवारी रात्री तांबडा-पांढरा झाला. पाचवी वाटी पांढरा रस्सा पिऊन माणूस जिथं बसतो तिथंच रुजतो. नेमकी हीच वेळ साधून साडूभाऊंनी मोबाईल टीव्हीला जोडला.

"लिस्बनचं राजेशाही बग्ग्यांचं म्युझियम," ते म्हणाले. "थोडेच फोटो आहेत. दोनशे बारा."

प्रत्येक बग्गी तीनदा होती. आधी समोरून, मग बाजूनं, मग मागून. पहिल्या तीन फोटोंत दारंखिडक्या असलेली जुनीपुराणी गाडी होती. 1619 मध्ये स्पेनचा राजा हीत बसून पोर्तुगालला आला. तेव्हा दोन्ही देशांचा राजा एकच होता, म्हणजे पाहुणाही तोच आणि यजमानही तोच. असं मला साडूभाऊंच्या बाबतीतही वाटतं. ते आमच्याकडं येतात आणि आम्हालाच "बसा, बसा" म्हणतात.

"घोडी कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

"घोडी नाहीत आई. म्युझियम आहे ते."

"मग ओढतंय कोण?"

सतराव्या फोटोपासून सोनं सुरू झालं. पोर्तुगालचा राजा पाचवा जॉन याची दानत मोठी. त्यानं 1716 मध्ये पोपकडं वकील धाडला, तर सोबत असल्या बग्ग्या धाडल्या की रोमच्या लोकांनी नुसतं बघत राहावं. एकीच्या मागल्या बाजूला सोनेरी मुलाम्याचे दोन दाढीवाले म्हातारे हातात हात घेऊन बसलेत. एक अटलांटिक महासागर, दुसरा हिंदी महासागर. आफ्रिकेला वळसा घालून आम्ही दोन समुद्र जोडले, असं पोपला सांगायचं होतं. आमच्याकडं ट्रकच्या मागं 'आईचा आशीर्वाद' लिहितात, त्यातलाच प्रकार. फक्त खर्च जास्त.

इथं मला इतिहास आठवला. मी सोफ्यात सरळ झालो. म्हटलं, "साडूभाऊ, ह्याच पाचव्या जॉनच्या कारकिर्दीत, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. सोन्याच्या गाड्या फिरवल्या, पण किल्ला गेलाच की."

घरात शांतता पसरली. बायकोनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. असं ती शेवटचं कधी बघितली होती ते आठवत नाही.

साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "चिमाजी अप्पा म्हणजे आमच्या पुण्याचे."

पुढचे वीस फोटो मी बोललो नाही.

मग एका फोटोत साडूभाऊ बग्गीच्या खाली वाकून काहीतरी दाखवत होते. त्या काळी गाडीला आजच्यासारख्या स्प्रिंगा नसत. बसायची पेटी जाडजूड चामडी पट्ट्यांवर टांगलेली. चाक खड्ड्यात गेलं की पेटी झोक्यासारखी हलायची. सासूबाई पुढं सरकून बारकाईनं बघत होत्या.

"म्हणजे राजाला गाडी लागत असणार," त्या म्हणाल्या. "लिंबू हुंगायला द्यायचं."

यावर पोर्तुगीजांनी काय केलं होतं ते साडूभाऊंना माहीत नव्हतं. मी मात्र मनात म्हणत होतो, चामड्याचा पट्टा म्हणजे आमचं काम. कोल्हापुरी चपलेचा पट्टा पहिला महिनाभर पाय सोलतो, पण तुटत नाही. आमच्या एखाद्या कारागिराला तेव्हा बोलावलं असतं तर पेटी हलली नसती. करकर मात्र वाजली असती.

म्युझियम काढलं ते 1905 मध्ये राणी अमेलियानं, राजवाड्याच्या घोडेस्वारी शिकायच्या जुन्या इमारतीत. पुढं गाड्या तिथं मावेनात, म्हणून 2015 मध्ये शेजारी नवी प्रचंड इमारत उघडली.

"गाड्या लावायला एवढं घर!" सासूबाई म्हणाल्या.

साडूभाऊंनी सुस्कारा सोडला. त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरनं दोन वर्षं तंटा चालू आहे.

शेवटची गाडी साधी होती. उघडी, काळपट, सोनं नाही. 1 फेब्रुवारी 1908 ला लिस्बनच्या चौकात राजा कार्लोस आणि थोरला राजपुत्र हिच्यात बसलेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघंही गेले. शेजारी राणी अमेलिया होती, हेच म्युझियम काढणारी. हातातल्या फुलांच्या गुच्छानं ती मारेकऱ्याला मारत सुटली. गाडीला गोळ्यांची भोकं अजून आहेत. साडूभाऊंनी ती जवळनं टिपली होती, चार बोटांवर दुसरं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरगं बी गेलं?" एवढंच विचारलं. मग उठून आत गेल्या आणि ओटा पुसत बसल्या. तो आधीच पुसलेला होता.

त्या शांततेत माझ्या तोंडून गेलं, "उद्या तुम्हाला आमचा नवा राजवाडा दाखवतो." पांढऱ्या रश्श्यानं माणूस असा वाहवतो.

रविवारी दुपारी, मे महिन्यात, मी, साडूभाऊ आणि सासूबाई रिक्षानं निघालो. बायका, म्हणजे ज्यांना अक्कल होती त्या दोघी बहिणी, घरी झोपल्या. वाटेत मी सुरुवात केली. काळ्या घडीव दगडाची इमारत, चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आराखडा केला, 1884 मध्ये पुरी झाली. साडूभाऊ म्हणाले, "बग्ग्या किती आहेत?"

मी मनोऱ्यावरचं घड्याळ दाखवलं. मग बाहेरची हरणं. मग तिकीट काढायला गेलो.

आत फोटो काढायचे नाहीत म्हटल्यावर साडूभाऊंचा हात खिशापाशी जाऊन परत येऊ लागला. पंधरा वर्षांनी ते प्रथमच एखादी वस्तू नुसत्या डोळ्यांनी बघत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. दरबार हॉलच्या रंगीत काचांतले शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी अर्ध्या मिनिटात उरकले. पेंढा भरलेल्या वाघापुढं सासूबाईंनी हात जोडले. मी साडूभाऊंना घाईनं हत्तीच्या हौद्यापाशी नेलं. अस्सल राजेशाही वाहन.

"याला चाकं कुठायत?"

"हत्तीला पाय असतात," मी म्हटलं.

मग मी हुकमाचं पान टाकलं. राजाराम महाराजांची मेबॅक मोटार, 1930 च्या दशकातली! जर्मन! आजही चालते! दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपती घराणं तिच्यातनं येतं, तेव्हा बघायला अख्खं कोल्हापूर लोटतं.

"कुठाय?"

"दसऱ्याला या की."

साडूभाऊंनी मोबाईलात वेळ बघितली.

परतताना रिक्षा भाऊसिंगजी रोडला लागली. नुकतंच कशाची तरी पाईप टाकायला खणलेलं आणि बुजवतो बुजवतो म्हणून ठेवलेलं. साडूभाऊ कडेला, एक मांडी आत, एक बाहेर. पहिल्या खड्ड्याला त्यांचं डोकं वरच्या दांडीला लागलं. दुसऱ्याला दोन्ही महासागरांचं नाव तोंडून निघालं असावं.

"ह्याला स्प्रिंगा हाईत का?" पुणेकराच्या तोंडात चक्क कोल्हापुरी आली.

"हाईत की," रिक्षावाला मागं न बघता म्हणाला. "निवांत बसा पाव्हणं."

आणि सासूबाई हसायला लागल्या. "शाहू महाराजांचा खडखडा असाच होता म्हणं. आमचा आज्जा सांगायचा, गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. लोक दारात येऊन उभी राहायची."

खडखडा म्हणजे नवी, अवखळ घोडी जुंपून त्यांना गाडीची सवय लावायची गाडी. सोनं नाही, मखमल नाही. शाहू महाराजांचा देह असा की हौद्यातच शोभावा, पण आवड ह्या दणदणाटाची. याच रस्त्यावर गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल होतं. गंगाराम सरकारी पागेतले नोकर, दलित. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला पैसे दिले आणि मग स्वतः खडखडा त्यांच्या दारात उभा करून चहा मागवायचे, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे.

हे सगळं मी खड्ड्याखड्ड्यात तोडून तोडून सांगितलं. साडूभाऊ जीभ सांभाळत ऐकत होते. एकदम म्हणाले, "थांबवा. चहा घेऊ."

टपरीवर चार कटिंग सांगितले, चौथा रिक्षावाल्याला. तो पेला घेऊन आमच्यातच येऊन उभा राहिला आणि पाव्हणं कुठलं, किती दिवस मुक्काम, सगळं विचारून घेतलं. सासूबाईंनी बशीत ओतून प्यायला. साडूभाऊंनी एका हातानं कंबर धरली, दुसऱ्यानं पैसे दिले. मग मोबाईल खिशात न ठेवता ते चार पावलं मागं गेले आणि आम्हाला हातानं बाजूला व्हायची खूण केली.

फोटो नंबर दोनशे तेरा. रिक्षा. आधी समोरून.

"आता बाजूनं," ते म्हणाले. "आई, तुम्ही आत बसा."

"आणि घोडं?" सासूबाईंनी विचारलं.

रिक्षावाला पेला ठेवून हँडलपाशी जाऊन बसला.