योनिमार्ग आतून धुण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. निरोगी स्त्रीच्या योनीला वास येत नाही आणि वास येणे हे अस्वच्छतेचे लक्षण आहे, म्हणून योनिमार्ग रोज तुरटीच्या, लिंबाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून धुवावा; अंगावरून पांढरे गेल्याने हाडे झिजतात; आणि दही किंवा लसणाची पाकळी आत ठेवली की डॉक्टरांकडे जाण्याची गरज उरत नाही, असा त्याचा आशय असतो. यातील एकही विधान खरे नाही आणि आतून धुण्याचा सल्ला तर सरळ अपाय करणारा आहे.

पहिले विधान वासाचे. पाळी येण्याच्या वयात बहुतेक स्त्रियांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीच्या जीवाणूंचे प्राबल्य असते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावामुळे आतल्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठते, त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि तेथील पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ इतका राहतो. या आम्लामुळे येणारा किंचित आंबूस वास निरोगीपणाचाच भाग आहे. पाळीच्या दिवसांत रक्तामुळे, उन्हाळ्यात जांघेतल्या घामामुळे, शरीरसंबंधानंतर वीर्यामुळे तो काही काळ बदलतो आणि आपोआप पूर्ववत होतो. या वासाची लाज बाळगण्याचे काहीही कारण नाही, हे वयात येणाऱ्या मुलींना आईने किंवा मोठ्या बहिणीने स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, कारण पुढे आयुष्यभर केले जाणारे चुकीचे उपाय बहुधा याच लाजेतून सुरू होतात.

आता आतून धुण्याविषयी. योनिमार्ग आपल्या स्रावाबरोबर मृत पेशी आणि जंतू स्वतःच बाहेर टाकत असतो. त्यात पाणी किंवा अन्य द्रव सोडला की उपयुक्त जीवाणूही वाहून जातात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्यामुळे संरक्षक आम्ल नाहीसे करतो, तर तुरटीमुळे जो घट्टपणा जाणवतो तो अस्तर कोरडे पडून आक्रसल्याचा परिणाम असतो आणि अशा कोरड्या अस्तराला संबंधाच्या वेळी सहज ओरखडे पडतात. लिंबूही आम्लच आहे, मग त्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारेल. परंतु लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, तो नाजूक अस्तराला झोंबतो आणि वाहून गेलेले जीवाणू काही परत आणत नाही. आतून धुणाऱ्या स्त्रियांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनिमार्गातील जीवाणूंचा समतोल बिघडणे) आणि ओटीपोटातील अवयवांचा संसर्ग अधिक आढळतो. त्यामुळे वास घालवण्यासाठी केलेला उपायच वास वाढवू शकतो, आणि मग ती स्त्री आणखी जोमाने धुऊ लागते.

धुवायचा असतो तो फक्त बाहेरचा भाग, तोही साध्या पाण्याने आणि हवा असल्यास सौम्य, सुगंधरहित साबणाने. शौचानंतर हात पुढून मागे न्यावा, सुती अंतर्वस्त्रे रोज बदलावीत, पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. दुकानात मिळणारे खास द्रव आवश्यक नाहीत.

ज्या वासाकडे खरोखर लक्ष द्यायला हवे, तो वेगळा असतो. माशांसारखा उग्र वास आणि पातळ, करडा स्राव ही बॅक्टेरियल व्हजायनोसिसची खूण आहे. यात लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जीवाणू बळावतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. त्यांनी तयार केलेली अमाइन द्रव्ये अल्कधर्मी माध्यमात हवेत सुटतात. वीर्य अल्कधर्मी असल्यामुळे संबंधानंतर हा वास अधिक जाणवतो, आणि तपासणीत स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कधर्मी द्रव्याचा थेंब टाकून वास पाहतात तोही याच कारणासाठी. यावर बहुधा मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सात दिवस देतात. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर तो ट्रायकोमोनास या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या परजीवीचा संसर्ग असू शकतो, आणि तेव्हा जोडीदारानेही उपचार घेणे अनिवार्य असते. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल, पण वास फारसा नसेल, तर बहुधा बुरशी असते. ती पुन्हा पुन्हा होत असल्यास रक्तातील साखर तपासावी.

पांढरे गेल्याने हाडे झिजतात, या समजुतीला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. त्या स्रावात गर्भाशयमुखाचा चिकट द्रव, योनिमार्गाच्या पेशी आणि जीवाणू असतात. हाडांतले काहीही नसते. पाळीचक्राच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो आणि गरोदरपणात वाढतो. थकवा आणि कंबरदुखी खरी असते, पण तिची कारणे रक्तक्षय, अतिश्रम किंवा मनावरचा ताण यांत शोधावी लागतात. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्रावाच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाशी अधिक आढळला होता.

लसणाने अस्तर भाजल्यासारखे होते, आणि घरच्या दह्यातले जीवाणू योनिमार्गात नांदणाऱ्या जातींचे नसतात. त्याहून मोठे नुकसान उशिराचे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टरांकडे जाऊ नका, असे अशा स्त्रियांना सांगणे मला अक्षम्य वाटते.

ताप किंवा ओटीपोटात दुखणे सोबत असेल, गरोदरपण असेल, किंवा टॅम्पॉन (पाळीत आत ठेवायचा शोषक बोळा) आत राहिल्याची शंका असेल तर त्याच दिवशी दाखवावे. पाळी गेल्यानंतर दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव आल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते. अनेक सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये स्रावाच्या तक्रारींवर तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. तक्रार नसली तरी ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची दर पाच वर्षांनी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. तिची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे करता येते.